कादर सरांनी हरलेली पैज

औंढ्याच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारे कादर सर पहिल्याच तासाला अख्ख्या वर्गाला डोळे मिटायला लावत. टेबलावर मातीच्या गोळ्यात चार दिशांना चार खडू खोचलेले असत. तो मिथेनचा रेणू. "उघडा आता. फिरवला का न्हाई?" अर्धा वर्ग हो म्हणे, अर्धा नाही. सर मिशीत हसत. "कळंना ना? हीच सिमेट्री. चारी हायड्रोजन सारखे, तर एकालाच विचारायचं. चौघांना तकलीफ कशाला?"

हा नियम ते भलतीकडेही लावत. चार पोरांनी एकमेकांची उत्तरं उतरवली, तेव्हा सरांनी एकच पेपर तपासला आणि त्याचे मार्क चौघांत वाटून टाकले.

मी अकरावीत असताना वडिलांनी मला आर्ट्सला घालायचं ठरवलं. "तिथं रोज जावं लागत न्हाई," म्हणाले. हळद काढायला माणसं मिळत नव्हती. मी रडून घर डोक्यावर घेतलं, उपयोग शून्य.

सरांच्या कानावर गेलं, तसे ते शिरड शहापूरला आमच्या अंगणात येऊन बसले. आईकडून कणकेचा गोळा मागितला, ढिगातली चार सारखी हळकुंडं त्यात खोचली. "भाऊ, डोळे मिटा. मी हे फिरवलं का न्हाई, सांगा. चुकले तर पोरगी सायन्सलाच ऱ्हाईल."

"अन् बराबर सांगितलं तर?"

"पुन्हा तुमच्या दारात येत न्हाई."

वडिलांनी गोळा हातात घेऊन न्याहाळला, खाली ठेवला, डोळे मिटले. सरांनी गोळा अलगद फिरवला. उघडल्याबरोबर म्हणाले, "फिरवलं."

त्यांनी एका हळकुंडावर नखानं ओरखडा काढून ठेवला होता. सरांना तो दिसला. आता भांडतील असं मला वाटलं, तर ते खूशच. "सारख्यातला एक ओळखायचा तर खूण करावीच लागती. आमी केमिस्ट्रीत दुसरं काय करून राहिलो? भाऊ, जिंकले तुमी." चहा पिऊन चालते झाले. मला त्यांचा असा राग आला!

सकाळी वडिलांनी मला गाडीवरून कॉलेजच्या दारात सोडलं. "सरांना सांग, हरलो असतो तर नाइलाजानं पाठवलं असतं. जिंकून पाठवून राहिलो."

निरोप ऐकून सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "नापास होऊ नको. समजूत घालायला मला आता तुमच्या दारात येता येत न्हाई."

शब्दाचे पक्के. नंतर ते आपणहून कधीच आले नाहीत. बारावीच्या निकालाच्या दिवशी वडीलच औंढ्याला गेले आणि त्यांना गाडीवर बसवून घेऊन आले.