दाजीचा ताल

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोलाही सांगितलेलं नाही — तिला तर नाहीच. का, ते पुढं कळेल.

मी बेस गिटार वाजवतो. राहायला तळेगाव ढमढेऱ्यात, नोकरी कंपनीत, आणि लग्नसराईत आप्पांच्या ऑर्केस्ट्रात. बावीस वर्षं झाली. बेस म्हणजे ती चार जाड तारांची गिटार — लोकांना ती वेगळी ऐकू येत नाही, पण बंद पडली की गाणं पोकळ वाटतं. कुणाकडं शिकायला गेलो नाही. आधी कॅसेटी झिजवल्या, मग मोबाईलवर व्हिडिओ बघितले. "कुणाच्या हाताखाली न जाता शिकलेला गडी!" असं आप्पा माईकवरून सांगायचे आणि माझी कॉलर ताठ व्हायची. खोटं कशाला बोलू? फार माज होता.

ताल धरायला ऑक्टोपॅडवर, म्हणजे काड्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमवर, संपत असायचा. खुटबावचा, घरची झेंडूची शेती. माझी सासुरवाडी खुटबावच, आणि माझी बायको त्याला लहानपणापासून राखी बांधते. त्यामुळं मी त्याचा दाजी. नुसता म्हणण्यापुरता नाही हो — तो ते पाळायचा. स्पीकरला मला हात लावू द्यायचा नाही. जेवायला बसलो की आधी माझं ताट. दाजीला कुणी चारचौघात उणं बोललेलं त्याला खपायचं नाही. आणि मी? मी हे सगळं हक्काचं समजून घेत राहिलो.

न्हावऱ्याजवळच्या एका लग्नात गाणं पळालं. म्हणजे जिथं सुरू झालं, तिथून लय वाढतच गेली — शेवटी गाणाऱ्या ताईंना दम पुरेना. नवरा-नवरी स्टेजवर नाचत होती, त्यांची पावलं चुकली, पाहुणे हसले. कार्यक्रम संपल्यावर आप्पा भडकले. "कोण पळतंय रं? कोण?" आणि मी म्हणालो, "संपत पळतोय." पानावर मीठ मागावं इतकं सहज म्हणालो.

मला तेव्हा ठाऊक होतं का? नव्हतं, असं म्हणायला मला आवडलं असतं. शंका होती. चांगली दोन-तीन वर्षं पोटात होती.

संपतनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग मान खाली घालून म्हणाला, "व्हय आप्पा. माझंच चुकलं."

मग ती सवयच झाली. गाणं पळालं की मी संपतकडं बघायचो, आणि मला बघून आप्पाही त्याच्याकडं बघायचे. सराई संपता संपता आप्पांनी त्याला सांगून टाकलं, आता येऊ नको. कीबोर्डात तयार ताल भरून घेतले. ऑक्टोपॅड गाडीला बांधून संपत गेला. जाताना मला रामराम घालून गेला.

आणि मग माझी खरी फजिती झाली. मशीन काही माझ्यामागं पळेना! पहिल्याच कार्यक्रमात दुसऱ्या कडव्याला मी पुढं आणि ताल मागं. मी गुपचूप गिटारचा आवाज उतरवला आणि नुसती बोटं हलवत राहिलो. आप्पांच्या लक्षात आलं नाही. पण असं किती दिवस निभणार?

म्हणून शिकवणी शोधली. दौंडला रेल्वे कॉलनीच्या मागं मार्था बाई राहतात — शाळेत संगीत शिकवायच्या, आता निवृत्त, चर्चमध्ये बेस वाजवतात. एवढीशी बाई, गिटार मांडीवर घेतली की निम्मी झाकली जाते. दर रविवारी घरी "कंपनीत ओव्हरटाइम हाय" सांगून मी दौंड गाठायचो. वाटेत केडगावला खुटबावचा रस्ता फुटतो. तिथं मी गाडी जरा जोरातच हाणायचो.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, वाजवा. मी माझ्याकडचं होतं नव्हतं ते सगळं काढलं. बाईंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, आता एकच तार, एकच सूर, मी टेबलावर ताल देते त्यावर. मला हसूच आलं — बावीस वर्षांनी एक सूर? थोड्या वेळानं त्यांनी हात थांबवला, मला चालू ठेवायला सांगितलं. मनात मोजून पुन्हा टेबलावर थाप दिली. मी कुठल्या कुठं पुढं गेलो होतो. पुन्हा केलं. पुन्हा पुढं. पाच वेळा. व्हिडिओ मी हजार बघितले असतील, पण एकाही व्हिडिओनं मला ऐकलं नव्हतं. समोर बसून मला ऐकणारं हे पहिलंच माणूस.

बाई हसल्या नाहीत. माझं कोपर धरून खाली आणलं, मनगट सैल करायला लावलं आणि विचारलं, "इतकी वर्षं तुमच्यासोबत ताल कोण धरत होतं?"

मी गिटारची खुंटी पिळत बसलो.

"फार गुणी माणूस असणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही पळालात की तो सोबत पळाला. एकदाही गाणं पडू दिलं नाही."

आणि मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "मशीन हाय, बाई."

वर्षभरात बाईंनी मला थांबायला शिकवलं. दोन सुरांच्या मधली जागा मोकळी ठेवायला शिकवलं. उभ्या आयुष्यात कुणी माझ्यावर एवढी मेहनत घेतलेली नाही. आज मी जे काही बरं वाजवतो ते त्यांच्यामुळं, आणि हे मी कुठंही मान झुकवून सांगेन. माझी लय जागेवर आली तसे आप्पा खूश झाले. सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, संपत गेला आन् ताल बसला!"

मी मान डोलावली. न्हावऱ्याला निदान शंकेचा आडोसा होता. या वेळी पक्कं ठाऊक होतं, तरी डोलावली.

गेल्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी संपत तळेगावच्या बाजारात झेंडू घेऊन बसला होता. मी तोंड चुकवून निघालो तर त्यानंच हाक मारली. "दाजी! ताई बरी हाय ना?" मग गाठोड्यातून वेगळा ठेवलेला हार काढला — घट्ट ओवलेला, मोठा. "ह्यो तुमच्या गिटारीला. उद्या पूजंला घाला."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, मशीनवर वाजवतो आता, चाललंय.

तो हसला. रागाचा मागमूस नाही. "मशीन बरी, दाजी. तिला कुनी दाजी न्हाई."

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून कळत होतं.

मी हार घेतला. घरी येऊन गिटारला घातला, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. बायकोनं विचारलं, एवढा सुरेख हार कुणी दिला? मी म्हणालो, बाजारातून आणला.

पळत होतो तो मी.