रिकामी ठेवलेली डिस्क

बावीस वर्षं फौजेच्या सिग्नलमध्ये काढून दिलावर मुलाणी तासगावाजवळच्या साखर कारखान्यात युनिक्स सर्व्हर सांभाळायला आला, आणि पहिल्या दिवसापासून ऑफिस सुपरिंटेंडेंट लालासाहेबाच्या डोळ्यांत खुपला. मशीन मरताना त्याच्या मेमरीत जे असेल ते आपोआप उतरून राहावं, कशानं मेलं ते कळावं, म्हणून दिलावरनं एक डिस्क राखून ठेवली होती. क्रॅश डंपची डिस्क. ती रिकामीच असावी लागते.

"रिकामं भांडं शेजारणीला बी परत देत न्हाईत, आन तू आख्खी डिस्क रिकामी ठिवतोस व्हय रं?" लालासाहेब सगळ्यांसमोर म्हणाला होता. वर दिलावर रजेवर असताना आपल्या मेहुण्याकडून, शंभूराजकडून, तिच्यात चेअरमन हंबीररावांच्या वाढदिवसाचं शूटिंग भरून घेतलं. लाचारीला कुठलीच जागा अपुरी पडत नाही.

ऐन गळितात मंगळवारी सकाळी सर्व्हर कोसळला. वजनकाटा थांबला, उसाचे ट्रॅक्टर पार रस्त्यापर्यंत लागले. खोळंबलेले ट्रॅक्टरवाले शिव्या घालू लागले.

"ह्यानंच हात घातला असणार. घरी बसवा ह्याला," लालासाहेब म्हणाला. हंबीररावांनी दिलावरला कारण शोधायला दुपारपर्यंतची मुदत दिली. नाहीतर नोकरी गेली.

सर्व्हर पुन्हा चालू करून दिलावरनं राखीव डिस्क उघडली. आत हारतुरे, फेटे आणि केक. डंपला शिरायला जागाच मिळाली नव्हती. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण फौजेत एका तारेवर कुणी विसंबत नाही. पहिली जागा मिळाली नाही तर डंप दुसरीकडे जावा, म्हणून त्यानं आणखी एक छोटी डिस्क लावून ठेवली होती, आणि लालासाहेबाला ओळखून असल्यानं त्याबद्दल कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता.

डंप तिथं होता. मशीन मेलं ते वजनकाट्याच्या नव्या कार्डाच्या ड्रायव्हरपायी, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपायी. ते कार्ड सोमवारी शंभूराजनं बसवलं होतं. दिलावरनं डंपमधली ही नोंद कागदावर छापून चेअरमनच्या टेबलावर ठेवला.

लालासाहेबाचं तोंड उतरलं. हंबीररावांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकला. "तुझी नोकरी हाय तशी हाय. लालासाहेब आपला माणूस. झालं गेलं सोड, गड्या."

दिलावरला फौजेतल्या बावीस वर्षांतही एवढा संताप आला नव्हता. त्यानं कडक सलाम ठोकला आणि सर्व्हरच्या खोलीत गेला.

चार दिवसांनी हंबीररावांचा फोन आला. पाहुणे आलेत, वाढदिवसाचं शूटिंग दाखवायचंय, त्याची एकच कॉपी आहे, त्या राखीव डिस्कवर.

"ती रिकामी केली, साहेब," दिलावर म्हणाला. "मंगळवारीच."