आत्याच्या तोंडातला बोळा

माझी आत्या दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. डॉक्टर दात कोरत असताना पेशंटच्या तोंडात थुंकी ओढणारी नळी धरायची आणि त्याला बोलण्यात गुंतवून ठेवायचं, हे तिचं काम. नळी धरायला तिला शिकवावं लागलं, बोलणं उपजतच होतं. आता ज्याच्या तोंडात एवढी हत्यारं, तो काय बोलणार, कपाळ! पण त्यावाचून आत्याचं कधी अडलं नाही. "मुलं काय करतात? शाळेत असतील. मोठा शहाणा, धाकटा वाह्यात, हो ना?" असं विचारून ती वर "अगदी बरोबर बोललात" म्हणते आणि त्याची हनुवटी पुसते. बिचाऱ्याला मान हलवायचीही चोरी. सगळी उमर यात गेल्यामुळे गप्पा मारणं म्हणजे हेच, अशी तिची प्रामाणिक समजूत आहे.

घरीही तोच खाक्या. लग्न झाल्यापासून तिच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या काकांनी, एक वाक्य पुरं केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ते तक्रार करत नाहीत, कारण सुरू केलेली तक्रार आत्याच पुरी करते.

पण यंदा तिला घोर लागला तो लेकीचा. माझी ही आतेबहीण, म्हणजे ताई, दूरच्या शहरात चांगल्या नोकरीला होती. एक दिवस दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिली. "सुट्टी आहे," म्हणाली. ती सुट्टी काही संपेना. ताई जेवायची, ताट घासायची आणि खोलीत जाऊन बसायची.

"आतल्या आत कुढतेय गं पोरगी," आत्या मला म्हणाली. "एकदा बोलली की मोकळी होईल."

दवाखान्यातल्या एका मासिकात तिनं वाचलं होतं की जेवताना प्रश्नांची कार्डं मध्ये ठेवावीत, एकेकानं उचलून उत्तर द्यावं, म्हणजे घर बोलतं होतं. झालं! फोन नंबर बदलल्यामुळे बाद झालेली दवाखान्याची कार्डं तिनं घरी आणली. एका बाजूला हसणारी दाढ, दुसऱ्या बाजूला आत्याच्या गोल अक्षरात प्रश्न. रविवारी मलाही जेवायला बोलावलं.

पहिलं कार्ड काकांनी उचललं. 'लहानपणी कशाची भीती वाटायची?' काकांनी चमचा खाली ठेवला. "मला ना..."

"अंधाराची!" आत्या म्हणाली.

"नाही, मी..."

"अंधाराचीच. अजून दिवा लावून झोपतात. चला, पुढे."

ताईची पाळी आली. 'इतक्यात सगळ्यात जास्त आनंद कधी झाला?' ती कार्डाकडे बघत राहिली. आम्ही घास थांबवले. तिचे ओठ हलले, आणि...

"घरी आली तेव्हा!" आत्या म्हणाली. "हो ना गं?"

ताईनं कार्ड ठेवलं आणि ताट उचललं. आत्या हिरमुसली.

"आत्या, तिला बोलू तरी दे की," मी म्हटलं.

"अगं, मी काय तिचं तोंड दाबून धरलंय?"

पुढच्या रविवारी आत्याचीच अक्कलदाढ ठणकायला लागली. डॉक्टरांनी तिच्या एकटीसाठी दवाखाना उघडून दाढ काढली आणि जागेवर कापसाचा बोळा दिला. अर्धा तास घट्ट चावून धरायचा, बोलायचं नाही. हे आत्यानं स्वतः लोकांना इतकी वर्षं बजावलेलं, त्यामुळे मोडायची सोय नव्हती. एक गाल सुजलेला, अशा थाटात ती टेबलाशी बसली आणि तिनं कार्डांवर बोट आपटलं.

काकांच्या हाती पुन्हा भीतीचंच कार्ड आलं. सवयीनं त्यांनी आत्याकडे बघितलं, जरा थांबले. काहीच आलं नाही.

"मला न्हाव्याची भीती वाटायची," ते म्हणाले. "केसांबरोबर कानही कापेल असं वाटायचं." वाक्य पुरं झालं तसे ते स्वतःच दचकले. आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. एवढा संसार झाला, पण हा न्हावी तिला ठाऊक नव्हता.

ताईनं गड्डी चाळून आपलं मागचं, आनंदाचं कार्ड शोधून काढलं.

"राजीनामा दिला त्या दिवशी," ती म्हणाली.

"म्म?" आत्याचा हात हवेतच राहिला.

"सुट्टी नाहीये, आई. नोकरी सोडलीय मी. दिवसभर फोनवर लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि लिहून दिलेलीच उत्तरं वाचायची. माझं स्वतःचं एक वाक्य नाही. शेवटी शेवटी फोन वाजला की रडू यायचं." तिनं कार्ड उलटं करून ठेवलं. "तुला सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, होईल गं सवय. आणि मी गेले असते परत."

आत्या कासावीस झाली. शब्द अगदी दातांपर्यंत आले होते, दिसत होते मला.

काकांनी घड्याळाकडे बघितलं. "अर्धा तास झाला. काढ आता तो बोळा."

आत्याचे डोळे भरून आले होते. भूलही उतरली असणार. तिनं जोरात मान हलवली, बोटानं बोळा आणखी आत सारून घट्ट चावला आणि ताईला हातानं खूण केली, बोल.