माझ्या काढ्याचा गुण

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालासुद्धा ठाऊक नाही. अंबाबाईपुढं हात जोडते तेव्हाही ती मी गिळून टाकते — देवीला कळत नसेल असं थोडंच आहे? पण तोंडातून कधी निघाली नाही. आज तुम्हाला सांगते. तुम्ही ना सासरचे, ना माहेरचे, म्हणूनच जमेल बहुतेक.

आमच्या शिवाजी पेठेत मला काढ्याच्या काकू म्हणतात. जिरं, ओवा, मेथी आणि दालचिनीचा तुकडा रात्री भिजवायचा, सकाळी उकळून अनशापोटी प्यायचं. जेवलेलं अंगी लागायच्या आत जळून जातं बघा! असं मीच सगळीकडं सांगत सुटले होते. आणि मी खरंच उतरले होते हो. चाळिशीत नुसती फुगत चाललेली बाई, वर्षभरात सगळे ब्लाउज आत घ्यावे लागले. बायका विचारणारच की, काय केलंस म्हणून.

काय केलं होतं मी? काढा पीत होते, ते खोटं नाही. पण त्याच्या तासभर आधी — सगळे झोपलेले असताना — थायरॉईडची गोळी घेत होते. लांबच्या एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सुरू केलेली. रात्रीचा भातही त्यांनीच बंद केला होता. गुण त्याचा होता. काढ्यानं फार तर ढेकर यायची.

मग गोळी लपवली कशाला, असं तुम्ही म्हणाल. सांगते. सुजाता, माझी धाकटी जाऊ, तिलाही हाच आजार. ती बिचारी लग्न होऊन आली आणि भोळेपणानं सगळं सांगून बसली. तेव्हापासून सासूबाईंचं येता-जाता एकच — ‘एक सून खणखणीत, न् एक गोळ्यावर चालनारी.’ खणखणीत ती मी! ते ऐकून मला बरं वाटायचं. फार बरं वाटायचं. लाज वाटते आता, पण तेव्हा नाही वाटली.

त्या उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची म्हणून आम्ही दोघी मिरच्या नि भाजलेला मसाला घेऊन कांडपावर गेलतो. तिथं नंबर लागेपर्यंत बायका बसलेल्या असतात, तिखटानं सगळ्यांची नाकं वाहत असतात आणि गप्पांना ऊत आलेला असतो. कुणीतरी माझ्या काढ्याचा विषय काढला. झालं, मी रंगात आले. तेवढ्यात सुजातानं पदरानं नाक पुसत विचारलं, ‘आक्का, ह्यानं माझी गोळी सुटंल काय ओ?’

‘नको’ — एवढाच शब्द बोलायचा होता मला. एकच. पण सगळ्या ओळखीच्या बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी म्हणाले, ‘सुटंल की! माझं बघ, हाय का एक तरी गोळी?’ बायका हसल्या. मीही हसले.

घरी गेल्यावर तरी सांगायचं होतं ना तिला? वाटेत? चूल पेटवताना? नाही सांगितलं. तिनं गोळी सोडली. आधी थकायला लागली, मग दुपारी बसल्या जागी पेंगायला लागली. कंगव्यात केसांचे पुंजके यायचे, तोंड सुजल्यासारखं दिसायचं. सासूबाई तिला आळशी म्हणाल्या. आणि मी काय केलं? तिच्या काढ्यात दालचिनी वाढवली. रोज सकाळी आपली गोळी गिळायची आणि मग तिचा काढा उकळायला ठेवायचा. कसं जमलं मला? मलाच कळत नाही.

त्यातच तिला दिवस गेले. किती वर्षांनी! घर नुसतं हरखलं होतं. दवाखान्यात नाव घालायला जायचंच होतं, त्याआधीच पोट पडलं, सगळं संपलं.

डॉक्टरांनी विचारलं, गोळी कुणी बंद करायला सांगितली? मी कॉटशेजारीच उभी होते. सुजातानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, ‘कुणी न्हाय. माझी मीच सोडली.’ डॉक्टर तिच्यावर रागावले. मी थर्मासचं झाकण घट्ट करत राहिले.

दुसरं कारणही असू शकतं, असं डॉक्टर जाताना म्हणाले. त्या वाक्याला मी कितीतरी दिवस धरून बसले. पण ती माझ्या डोळ्यांदेखत खंगत होती आणि का खंगते आहे हे घरात फक्त मला माहीत होतं. त्याला दुसरं काय कारण शोधू?

तिला पुन्हा दिवस गेले नाहीत. सासूबाईही गेल्या, मला खणखणीत म्हणणारं घरात कुणी उरलं नाही. तरी मी बोलले नाही. तिला अजून वाटतं, काढा मला मानवला नि तिला मानवला नाही. वर तीच माझी समजूत घालते, ‘आक्का, तुमी कशाला वाईट वाटून घेताय?’

परवा शेजारची नवी सून घरी आली होती, वजन कमी करायचं काय औषध आहे का विचारायला. मी काही बोलायच्या आत सुजाताच तिला म्हणाली, ‘आमच्या आक्कांचा काढा लई गुणाचा हाय. माझंच नशीब फुटकं, त्येला काय करायचं?’

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. आणि मी — मी मान डोलावली.