वाणात दिलेल्या ट्यूबा

भर साखरपुड्यात आमच्या भाऊजींनी मला नकली माल आणणारा माणूस ठरवलं होतं.

त्यांना जाऊन आज वर्ष झालं, म्हणून हा किस्सा लिहितोय.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे मिस्टर. अकोल्याला शाळेत ड्रॉइंग टीचर, आणि तरुणपणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटारिस्ट. ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा सगळ्यांनी सामान वाटून घेतलं. भाऊजींनी फक्त गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प मागितला.

काचेच्या ट्यूबांवर चालणारा जुना ॲम्प. स्विच टाकला की आधी तापणार, मग बोलणार. रिटायर झाल्यावर भाऊजी रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसायचे.

मग तक्रार सुरू झाली. आवाज मळकट येतो म्हणे.

मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमावाला, राहतो अमरावतीला. नातेवाइकांत कुठेही वायर असलेली वस्तू बिघडली की फोन मलाच. जाऊन पाहिलं तर तक्रार खरी होती. पॉवर ट्यूबांची जोडी पार थकली होती. जोरात वाजवलं की आवाज फाटायचा.

नेमका तेव्हाच धोंड्याचा महिना आला. आईनं जावयाला विचारलं, वाण काय देऊ? लोक चांदीचं काहीतरी सुचवतात. भाऊजींनी न लाजता ट्यूबा मागितल्या.

मी मुंबईहून मागवल्या. आईनं ताटात अनारसे मांडले, दिवा ठेवला आणि मधोमध ट्यूबांचा डबा. ती थेट काचेलाच कुंकू लावायला निघाली होती. मी कसाबसा तिचा हात डब्याकडे वळवला.

पुढच्या रविवारी अकोल्याला जाऊन ट्यूबा बसवल्या. आवाज असा खणखणीत निघाला की मीच खूश.

भाऊजी म्हणाले, मळकटच आहे.

त्यानंतर नात्यातला तो साखरपुडा. सगळ्या पाहुण्यांत, जिलेबी खाता खाता, माझ्याकडे बोट करून म्हणतात कसे,
"याले दुकानदारानं येड्यात काढलं. माल नकली हाय."

मला लागलं. चांगलंच लागलं.

पण बोलणार काय? आमच्या घरात जावयाला उलटून बोलत नाहीत. आणि दिलेलं वाण कुणी परत घेत नाही. म्हणजे भाऊजींना ट्यूबा परत करता येईनात, आणि मला त्या असली आहेत हे सांगता येईना.

खरं तर मला वेगळीच शंका येत होती. ताईकडे टीव्ही फार मोठ्यानं लागायचा. दारावरची बेल भाऊजींना ऐकूच यायची नाही. पण जावयाला, त्यातही गिटार वाजवणाऱ्या माणसाला, तुमचे कान चालले असं सांगणार कोण?

मग ताईचा फोन आला. भाऊजींनी गिटार कव्हरमध्ये घालून कपाटावर टाकली होती. असाच आवाज येणार असेल तर मी वाजवतच नाही, म्हणाले. संध्याकाळी नुसते बसून राहतात, हे सांगताना ताई रडली.

दुसऱ्या दिवशी मी अकोला गाठलं.

भाऊजींचा हुकूम तयार होता. जुन्या ट्यूबा परत लाव. थकल्या होत्या, पण असली होत्या.

प्लग काढला, ॲम्प गार होऊ दिला, नव्या ट्यूबा फडक्यात धरून हळूच उपसल्या आणि जुन्या बसवल्या. भाऊजींनी डोळे मिटून वाजवलं.

म्हणाले, दोन्ही सारखंच. म्हणजे तुझ्या नव्यासुद्धा जुन्याच निघाल्या.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताईचा मोठ्यानं आवाज आला.
"अहो, कावून हो असं फाटकं वाजून राहिलं? मांगं तं चांगलं नितळ वाजे."

आम्ही बाहेर काय बदललं ते तिला ठाऊकच नव्हतं.

भाऊजींचा हात तारांवर थांबला.

त्यांनी मला पुन्हा नव्या ट्यूबा लावायला लावल्या. तेच गाणं पुन्हा वाजवलं. ताई आतूनच म्हणाली, आता कसं बरं वाटते.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं.
"तुले बी फरक समजते?"

आयुष्यात पहिल्यांदा मी जावयाला खरं ते सांगितलं.
"हो भाऊजी. चांगलाच समजते."

मग म्हणाले,
"मंग ट्यूबा चांगल्या हायेत. माहे कान गेले."

मला वाटलं, संपलं. आता गिटार कायमची कपाटावर.

पण ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. ताईला म्हणाले, मला वाटायचं तू कधी ऐकतच नाहीस.

ताई पोळी लाटत होती. मान वर न करता म्हणाली,
"तुमी वाजवता तवा मी दुसरं काय ऐकू?"

त्या दिवसापासून भाऊजींची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात गेली.

कानाचं मशीन घेतलं, पण वाजवताना ते काढून ठेवायचे. त्यातून सगळं पत्र्याच्या डब्यासारखं ऐकू येतं म्हणायचे. ॲम्पचे बास-ट्रेबलचे नॉब ताईच्या सांगण्यावरून फिरायचे. थोडं कमी करा. अजून थोडं. हां, राहू द्या.
ट्रेबल म्हणजे काय, ते ताईला आजही माहीत नाही.

पुढे एका बारशात त्याच पाहुण्यांसमोर भाऊजींनी जाहीर केलं, साळ्याचा, म्हणजे माझा, माल शंभर टक्के असली होता. कानांचंही सांगितलं, हसत हसत. मी तिथून उठून पाणी प्यायला गेलो, कारण डोळे भरून आले होते.

गेल्या वर्षी ते गेले. ट्यूबा अजून चांगल्या आहेत.

मागच्या आठवड्यात ताईकडे जेवायला होतो. संध्याकाळची वेळ. भाजी परतता परतता तिनं मध्येच गॅस बारीक केला, आणि दारातल्या रिकाम्या खुर्चीकडे कान देऊन थोडा वेळ उभी राहिली.
मग पुन्हा मोठा केला.


भाऊजी, तुमच्या साळ्याचा नमस्कार घ्या. तुमची फार आठवण येते.