लेसवालीची थाप

ओस्मारिनोची नजर गेली त्या हिवाळ्यात बोय मासे उदंड आले होते. लागुना गावच्या खाडीच्या तोंडाशी आम्ही सगळे कोळी खांद्यावर जाळी घेऊन, कमरेभर पाण्यात ओळीने उभे. त्याची जागा तेवढी रिकामी. तो घराच्या पायरीवर बसून, वारा कुठला सुटलाय एवढंच विचारायचा.

आमच्याकडे मासे डॉल्फिन हाकून आणतात. पाणी गढूळ, माणसाला आतलं काही दिसत नाही. डॉल्फिन माशांना किनाऱ्याकडे रेटतात आणि पाण्यावर डोक्याची थाप मारतात. त्याच क्षणी जाळं पडायला हवं. बिथरून पांगलेले मासे त्यांचे, अडकलेले आमचे. सगळे डॉल्फिन हे करत नाहीत. आई करत असली तरच पिल्लू शिकतं. ओस्मारिनोची लाडकी होती लेसवाली. पाठीवरचा पंख कडेने लेससारखा कातरलेला, म्हणून हे नाव.

एका सकाळी त्याची बायको झेनाइदे सासऱ्याची रबरी विजार चढवून, ओस्मारिनोचा हात धरून पाण्यात उतरली.

"काय गं, आज घरी रांधणार कोण?" ओळीतल्या विल्मारने टोमणा मारला.

"तुझी बायको. सांगूनच आलेय तिला."

ती नवऱ्याच्या मागे उभी राहिली, तळवा त्याच्या पाठीवर. थाप दिसली की ती पाठ दाबणार, तो जाळं फेकणार. पण लेसवाली नुसती वर आली तरी ही दाबायची.

"अगं, श्वास घेतेय ती!" ओस्मारिनो वैतागला. जाळं रिकामंच. शेवटी लेसवाली विल्मारच्या बाजूला निघून गेली.

घरी आल्यावर झेनाइदेने विचारलं, "रागावली असेल का रे?"

"राग कसला! त्या चिखलात तिला तरी कुठे धड दिसतं? आवाज सोडते, तो माशांवर आपटून परत येतो, त्यावर चालतं तिचं. झोपते तेव्हाही अर्धा मेंदू जागा, एक डोळा उघडा. निम्मी स्वप्नात, निम्मी खाडीत."

"आणि तू?"

"मी आता पुरताच स्वप्नात."

तरी ती त्याला रोज नेत राहिली. मग एकदा दक्षिणेचा वारा पडला आणि धुक्यात खाडी आणि आभाळ एक झालं. दूर कुणीतरी सावकाश श्वास सोडला. दुसरा श्वास जवळून आला. मग थाप! ओस्मारिनोचं जाळं हवेत उमललं, पाण्यावर पडलं, आणि किनाऱ्याला ओढताना दोघं गुडघ्यांवर आली. जाळं चांदीसारखं तडफडत होतं.

"बरोबर वेळेला दाबलंस हां," मी म्हणालो.

"मी कुठे दाबलं?" झेनाइदे पुटपुटली. "त्याची पाठ आधीच हलली."

पुढे मरेपर्यंत तो असाच येत राहिला, पाठीवर तिचा हात घेऊन. विल्मार स्वतःहून सरकून दोघांना जागा द्यायचा.

आता त्या जागी झेनाइदे एकटी उभी असते. जाळं अजून नीट गोल पडत नाही तिचं. विल्मार ओरडतो, "मनगट! मनगट फिरव!" ती त्याला एक शिवी हासडते आणि ओलं जाळं पुन्हा खांद्यावर घेते.