न बोलणारे फोन

मी तेव्हा पलासियात एका छोट्या ऑफिसात कामाला होते. लोकांच्या धंद्याच्या जाहिराती मोबाइलवर चालवायच्या, एवढंच आमचं काम. मालकांना सगळे तिथल्या बोलीत भिया, म्हणजे भाऊच म्हणत. माझ्याकडच्या ग्राहकांत भंवरकुआं भागातल्या एक मॅडम होत्या. बोलताना अडखळणाऱ्यांवर त्या उपचार करत. आजूबाजूला कोचिंग आणि होस्टेलंच सगळी, त्यामुळे इंटरव्ह्यूच्या धास्तीने आलेली मुलं-मुली त्यांच्याकडे जास्त. पन्नाशीच्या होत्या, क्लिनिक एकटीने सांभाळत, आणि मीही त्यांच्यासारखी मराठी आहे हे कळल्यापासून माझ्याशी हक्काने अगं-तुगं करत.

एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज पार बसलेला.

"जाहिरात बंद करून टाक. आत्ताच्या आत्ता. मी पागल होईन."

मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले. मी खुर्चीत बसते न बसते तोच फोन वाजला. त्यांनी उचलला, क्लिनिकचं नाव सांगितलं आणि गप्प राहिल्या. मला वाटलं, आता ठेवतील. त्या ठेवेनात. डोळे मिटून, फोन कानाला घट्ट लावून बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने पलीकडून फुगे फुटल्यासारखे आवाज आले, मागोमाग एका लहान मुलाचं हसू. त्यांनी फोन खाली ठेवला. तो लगेच पुन्हा वाजला.

कोणी बोलत नसेल तर सरळ कट करायचा ना, असं मी म्हणून गेले.

"अगं, ज्याला पटकन बोलता येतं तो माझ्याकडे फोन कशाला करेल?" त्या म्हणाल्या. "मी दोनदा हॅलो हॅलो केलं ना, की ओठांपर्यंत आलेला शब्दसुद्धा परत आत जातो."

मी जाहिरात कुठे कुठे दिसते आहे ते काढून बघितलं. फुगे फोडायचे गेम, रंग भरायचे गेम, केक सजवायचे गेम. आईबापांचा मोबाइल हातात घेऊन पोरं खेळत होती, मध्येच आमची जाहिरात यायची, बोट लागलं की थेट मॅडमना फोन लागायचा. मी एकेका गेममधली आमची जाहिरात बंद करत सुटले. एक बंद केला की दुसरे उगवत. खरा इलाज एकच होता, जाहिरातीसाठी सगळी अ‍ॅप एकदमच बंद करायची. पण ती वापरणाऱ्यांत एखादा खरा गरजूही असला तर? तोही बाहेरच राहणार होता.

भियांना विचारल्याशिवाय एवढं मोठं पाऊल उचलता येत नव्हतं, म्हणून तिथूनच त्यांना फोन लावला. ते वाईट नव्हते, पण त्यांचा जीव आकड्यांत. क्लिक इतके छान येत असताना हात लावू नको, रिपोर्टमध्ये काय दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं. दो-चार गेम हटा दे, बाकी चलने दे. मी सांगितलं की ही गिऱ्हाइकं नाहीत, पोरांची बोटं आहेत. समोर मॅडम पुन्हा डोळे मिटून कोणाच्या तरी शांततेकडे कान लावून बसल्या होत्या.

"सब गिर गया तो जवाब तू देगी," भिया म्हणाले.

मी हो म्हटलं आणि सगळी अ‍ॅप बंद केली.

संध्याकाळपर्यंत फोन विरळ झाले. दुसऱ्या दिवशी सकाळभर एकही आला नाही. दुपारी काहीतरी निमित्त काढून मी पुन्हा क्लिनिकमध्ये गेले. मॅडमनी चहा दिला. टेबलावरचा फोन इतका गप्प होता की माझी नजर तिथून हलेना. भियांचे मेसेज येत होते, आकडे कुठे गेले म्हणून. मी ते उघडलेच नाहीत.

मग फोन वाजला.

मॅडमनी उचलला, नाव सांगितलं आणि थांबल्या. पलीकडे काहीच नाही. लांब कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. अजून एखादा गेम निसटला असणार, म्हणून मी लॅपटॉपकडे वळले, तर मॅडमनी हात वर करून मला तिथेच थांबवलं. त्यांना बहुतेक श्वास ऐकू आला असावा. मीही श्वास रोखून बसले.

"म... म... मैडम," असा एका मुलीचा आवाज आला.

मॅडम म्हणाल्या, "हाँ बेटा," आणि पुन्हा गप्प झाल्या. पुढचं वाक्य यायला फार वेळ लागला, पण आलं. बँकेचा इंटरव्ह्यू तोंडावर आलेली, जवळच्याच होस्टेलमधली मुलगी होती.

तिला मी नंतर क्लिनिकमध्ये भेटले. तिने हळूहळू, मधेमधे थांबत सांगितलं की त्याआधीही तिने कितीतरी वेळा नंबर लावला होता, पण दरवेळी एंगेज.

"एंगेज आता था तो... अ... अच्छा लगता था," ती म्हणाली. "बोलना नहीं पड़ता था."

मॅडम खूप हसल्या. मला हसू आलं नाही. तिने तेव्हाच नाद सोडला असता तर आम्हाला कधी कळलंही नसतं.

तो इंटरव्ह्यू तिच्या हातून गेला. ती मात्र येत राहिली. भियांनी पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मला घसरलेला आलेख दाखवला, आणि मॅडमचं काम माझ्याकडेच ठेवलं.